सही करा, पण या कागदावर नाही

«ताई, सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात मी १९९१ साली लग्न होऊन आले. आम्ही नऊ भाडेकरू. शेजारचा वाडा दिवाळीनंतर पाडला, तिथं अकरा मजली इमारत आणि खाली दोन मजली तळघर होणार आहे. खोदाई सुरू झाल्यापासून आमच्या माजघराच्या भिंतीला भेग गेली आहे. आता आमच्याही मालकांचा मुलगा बिल्डरला घेऊन आलाय. नऊपैकी सहा जणांनी संमतिपत्रावर सह्या केल्या. मी, वरच्या मजल्यावरचे निवृत्त शिक्षक आणि खालचे पिठाच्या गिरणीवाले, एवढे तिघं उरलोय. माझा हातच उचलत नाही. जिच्याबरोबर तीस वर्षं पापड लाटले ती समोरच्या बिऱ्हाडातली मैत्रीण ‘तुझ्यामुळे आमचं अडलंय’ म्हणाली आणि आता बोलतही नाही. मुलगा वाकडला असतो. तो म्हणतो, पैसे घे आणि इकडे ये, काय ठेवलंय त्या गावात? सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत. मालकांचा मुलगा सांगतो, सही केली नाहीत तर महापालिकेची धोकादायक वाड्याची नोटीस आणीन, मग हातात काहीच पडणार नाही. मी विकासाच्या आड येतेय का?
— सदाशिव पेठेतली एक वाचक»

नमस्कार.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्या वाचनानंतर मनात आलेलं उत्तर तुम्हाला फार आवडलं असतं: अजिबात सही करू नका. मी नारायण पेठेतल्या वाड्यात वाढले. वाड्याचा विषय निघाला की माझा आधी ऊर भरून येतो, विचार मागाहून येतो. दुसऱ्या वाचनात तुमच्या मैत्रिणीपाशी थांबले. तिसऱ्या वाचनात नजर भेगेवर अडकली. बाकी सगळ्याला आठवडाभर वेळ आहे, भेगेला नाही. म्हणून आधी तेच.

आपल्या पेठांमधले वाडे एकमेकांना खेटून उभे आहेत. दगडी जोतं, वर विटा आणि माती, सागवानी तुळया. पुष्कळ ठिकाणी दोन वाड्यांमधली भिंत सामायिक असते. एक वाडा उतरवला की दुसऱ्याच्या भिंतीचा दीड-दोनशे वर्षांचा टेका जातो. त्यातून शेजारी दोन मजले खोल खड्डा घेतला, तर तुमच्या जोत्याच्या कितीतरी खालची माती एका बाजूने उघडी पडते. पावसाळ्यात ती माती भिजते. पेठेत भिंती पडल्याच्या बातम्या जुलै-ऑगस्टमध्ये का येतात, ते यावरून समजेल.

तेव्हा हे पत्र वाचून झालं की भेगेचे फोटो काढा. शेजारी त्या दिवसाचं वर्तमानपत्र धरा, म्हणजे तारीख दिसेल. मग एखाद्या स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. बिल्डरचा माणूस नको, मालकांचाही नको. तिघांनी मिळून फी भरा. तो भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी प्लास्टरने बसवेल आणि तारीख लिहील. पट्टी तडकली तर भिंत अजून हलतेय, हे कुणाशी वाद न घालता सिद्ध होतं. फोटो आणि इंजिनिअरचं टिपण जोडून क्षेत्रीय कार्यालयात आणि महापालिकेच्या बांधकाम विभागात अर्ज द्या. एक प्रत शेजारच्या साइटवर द्या. प्रत्येक ठिकाणी पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट. अर्जात दोनच प्रश्न विचारा: खोदलेल्या बाजूला मातीला आधार कोणता दिला आहे, आणि त्याची जबाबदारी कोणत्या इंजिनिअरच्या सहीने घेतली आहे. साइटवरच्या फलकावर परवानगीचा क्रमांक आणि आर्किटेक्टचं नाव असायला हवं. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी असेल आणि सदनिकाही आठपेक्षा जास्त असतील, तर प्रकल्पाची महारेराकडे, म्हणजे राज्यातल्या गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाकडे, नोंदणी सक्तीची आहे. त्याची माहिती संकेतस्थळावर कुणालाही फुकट बघता येते. वाकडच्या मुलाला सांगा. दहा मिनिटांत काढून देईल, आणि त्या निमित्ताने आईचं म्हणणं नेमकं काय आहे तेही त्याला कळेल.

पट्टी तडकली तर सासूबाईंना त्याच दिवशी त्या खोलीतून हलवा. निकालाची, उत्तराची, कशाचीच वाट बघू नका.

आता शेजारची अकरा मजली. ती थांबवता येईल का, असं तुम्ही थेट विचारलेलं नाही, पण पत्राच्या ओळींमध्ये तो प्रश्न आहे. परवानगी नियमानुसार असेल तर थांबणार नाही. मेट्रोची मंडई आणि कसबा पेठ ही भुयारी स्थानकं सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाली. मेट्रो स्थानकापासून ५०० मीटरच्या आत जादा एफएसआय, म्हणजे तेवढ्याच जमिनीवर जास्त बांधकाम, मिळण्याची तरतूद आहे. ज्या वाड्याकडे वर्षानुवर्षं कुणी ढुंकून पाहत नव्हतं, त्याच्या दारात आज तीन-तीन बिल्डर का येतात, त्याचं हे एक मोठं कारण.

पण ‘थांबवा’ आणि ‘नीट करा’ यांत खूप अंतर आहे, आणि त्या अंतरातच शेजाऱ्यांची ताकद असते. आपल्याकडचे विरोधाचे अर्ज मी पाहिलेत. पानभर पेशवाई, संस्कृती, जुनं पुणं, आणि शेवटी ‘तरी योग्य ती कारवाई व्हावी’. असा अर्ज अधिकारी वाचतही नाही, कारण त्यात उत्तर देण्यासारखं काहीच नसतं. इमारतीची उंची आणि मिळणारा एफएसआय समोरच्या रस्त्याच्या रुंदीशी बांधलेला असतो. तेव्हा तुमची गल्ली टेप लावून मोजा, सर्वांत अरुंद जागी मोजा, आणि मंजूर नकाशावर ती किती रुंद दाखवली आहे ते माहिती अधिकारात मागा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अग्निशमनचा बंब गल्लीच्या तोंडाशी वळतो का, ते बघा. रात्री दहानंतर काँक्रीटच्या गाड्या येत असतील तर वेळ आणि तारीख लिहून ठेवा. मोजलेला आकडा फेकून देता येत नाही.

आणखी एक बारकावा. वाड्यात हौद आहे का, याचा पत्रात उल्लेख नाही. सदाशिव पेठेतल्या बऱ्याच वाड्यांत आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावांतून दगड-विटांच्या बंदिस्त नहरीने पाणी शहरात आणलं. ते निव्वळ उतारावर वाहत यायचं, वाटेत उच्छ्वास, म्हणजे हवा सुटण्याच्या वाटा, बांधलेले. त्या वाहिन्यांचे फाटे आजही कुठून कुठे जातात, हे सगळं नकाशावर नाही. २०१९ मध्ये स्वारगेटला मेट्रोचं खोदकाम चालू असताना पाण्याचं एक जुनं भुयार अचानक समोर आलं होतं. शेजारच्या खड्ड्यात घडीव दगडाचं किंवा चुन्यातल्या विटांचं काही दिसलं, पाणी पाझरताना दिसलं, तर फोटो काढून महापालिकेच्या हेरिटेज विभागाला त्याच दिवशी कळवा. हे मी इतिहासप्रेमापोटी सांगते आहेच. पण तुटलेल्या नहरीचं पाणी कुठेतरी शिरणार, आणि सर्वांत जवळचा पाया तुमचा आहे, म्हणूनही सांगते.

आता तुमच्या मैत्रिणीकडे वळते. इथं मी तुमच्या बाजूने बोलणार नाही.

तुमच्या घरी नळ आणि संडास आत आहेत की नाहीत, ते तुम्ही लिहिलेलं नाही. तिच्या घरी काय आहे, तेही नाही. पण मी वाड्यात राहिलेय. नऊ बिऱ्हाडांत तळाला दोन संडास, रात्री दोन वाजता गुडघे धरत लाकडी जिना उतरणारे सासरे, गळणाऱ्या कौलांखाली मांडलेली पातेली, मुलीला बघायला पाहुणे येणार म्हणून चौकातलं शेवाळ घासणारी आई. हे सगळं मी पाहिलंय, आणि यातलं शेवटचं माझ्या आईने केलंय. मी वाड्याच्या आठवणी लिहायला बसते तेव्हा मला चौकातलं ऊन आठवतं, दिवाळीच्या पणत्या आठवतात. माझी आई ऐंशीच्या पुढची आहे. तिला विचारलं की ती म्हणते, ‘मला आठवतात त्या पाण्याच्या बादल्या.’ दोघींचंही खरं आहे. पण बादल्या तिने उचलल्या, म्हणून तिच्या खऱ्याला मी जास्त मान देते.

तुमच्या मैत्रिणीला घरातल्या घरात संडास आणि लिफ्ट हवी असेल, तर ती हाव नाही, आणि पेठेशी बेइमानी तर नाहीच. वाडा गेला तर मला वाईट वाटेल, एवढ्या कारणासाठी तुम्ही सही अडवून धरली असेल, तर तुम्ही चुकताय, असं मी स्पष्ट सांगते. आपल्या आठवणी जपण्यासाठी दुसऱ्याने गळक्या छपराखाली राहावं, असं म्हणता येत नाही.

आणि नुसतं अडवून काही वाचतही नाही. शनिवारवाड्याच्या आसपास काय झालंय ते बघून या. राष्ट्रीय संरक्षित स्मारक असल्यामुळे त्याच्या हद्दीपासून १०० मीटरच्या आत नव्या बांधकामाला बंदी आहे, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. दुरुस्तीला मनाई नाही, तिचीही परवानगी मात्र घ्यावी लागते. बंदीमुळे तिथले वाडे टिकले का? कितीतरी वाडे टेकू लावून उभे आहेत. मालक खर्च करत नाही, भाडेकरूला परवडत नाही, आणि दर पावसाळ्याआधी नोटिसा येतात. बुधवार पेठेतला भिडे वाडा तर सगळ्या देशाला माहीत. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी तिथं मुलींची शाळा काढली. त्या वाड्याविषयी आदर नसलेला माणूस सापडणार नाही, तरी वर्षानुवर्षं खटला चालला, वाडा खचत गेला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये तो पाडावा लागला, स्मारकासाठी. विश्रामबाग वाडा उभा आहे तो महापालिकेच्या ताब्यात आहे आणि त्याच्यावर पैसा खर्च झाला म्हणून. नऊ भाडेकरू आणि एक कंटाळलेला मालक, एवढ्या बळावर खासगी वाडा राखता येतो, असं मला वाटत नाही. तुमचा वाडा महापालिकेच्या वारसा यादीत आहे का, ते मात्र एकदा विचारून घ्या. असेल तर सगळंच गणित बदलतं. नसेल तर पुढे वाचा.

तुम्ही ज्याच्यासाठी झुरताय ते नेमकं काय आहे, याचा विचार मी दोन दिवस करत होते. मला वाटतं, तुम्हाला लाकडापेक्षा माणसांची भीती वाटतेय. शिक्षक आजोबा कुठे जातील, गिरणी बंद होईल का, आणि नव्या इमारतीत दार उघडल्यावर समोर कोण असेल. ही भीती खरी आहे. आणि वाड्याचं जे राखता येत नाही, ते या माणसांच्या बाबतीत राखता येतं. नऊच्या नऊ बिऱ्हाडं परत येणं, गिरणी रस्त्याच्या कडेला चालू राहणं, यासाठी भांडता येतं आणि जिंकताही येतं.

आमच्या वाड्यात ते भांडण कुणी केलं नाही. १९९४ ची गोष्ट. बारा बिऱ्हाडं होती. एका बिल्डरने दोन वर्षांत जागा देतो म्हणून सांगितलं, वडिलांनी स्टँप पेपरवर सही केली. कागद नोंदवलेला नव्हता, मुदत चुकली तर काय, याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. आजीला घेऊन आम्ही धायरीला भाड्याने गेलो. दोनाची सात वर्षं झाली. भाडं पहिल्या वर्षानंतर आलंच नाही. आजी दर रविवारी विचारायची, ‘कितवा मजला झाला?’ ती धायरीतच गेली. इमारत पुरी झाली तेव्हा बारातली चार बिऱ्हाडं परतली. आमच्या नकाशातली एक खोली कमी झाली होती आणि देखभालीचा खर्च झेपणारा नव्हता. वडिलांनी जागा विकली. आज मी त्या गल्लीतून जाते तेव्हा ओळखीचं एकही आडनाव पाटीवर दिसत नाही. ही काही आमच्याच घरची कथा नव्हे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांमधली कितीतरी कुटुंबं अशीच उठून गोखलेनगरकडे गेली. पुराने माणसं नेली ते एका सकाळी. करार न वाचता केलेली सही तेच काम सात वर्षांत करते.

म्हणून माझं उत्तर असं आहे: नव्या इमारतीला हो म्हणा, सही करा, पण या कागदावर नाही. संमतिपत्र म्हणजे तुमचा होकार. त्यात तुम्हाला काय मिळणार, हे बहुधा लिहिलेलंच नसतं. तुम्हाला हवा तो कायम पर्यायी जागेचा करार, प्रत्येक भाडेकरूशी स्वतंत्र, मालक आणि बिल्डर दोघांच्या सह्यांचा, दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला. वाडा रिकामा करण्याआधी नोंदवलेला, नंतर नव्हे.

त्याआधी तुमची आत्ताची जागा मोजून घ्या. खण, ओसरी, पोटमाळा, सगळं. दोन्ही बाजूंच्या सह्या होऊ द्या. वाडा पाडल्यावर ‘तुमच्याकडे दोन खोल्या होत्या की अडीच’ हा वाद घालायला जागाच उरत नाही. करारात क्षेत्रफळ ‘कार्पेट’, म्हणजे घराच्या आतलं प्रत्यक्ष वापरायचं, म्हणून लिहिलेलं हवं, मजला आणि सदनिका क्रमांक मंजूर नकाशावर दाखवून. भाडेपावत्या कुणाच्या नावावर आहेत ते आज कपाट उघडून बघा. सासऱ्यांच्या नावावर असतील आणि ते हयात नसतील, तर करार कुणाच्या नावाने होणार हे घरात आधी ठरवा. सासूबाईंचं नाव वगळू देऊ नका. तुमचंही. मालक भाडं घ्यायचं टाळत असतील तर बँकेतून पाठवा, खंड पडू देऊ नका.

बाहेर राहण्याच्या काळातलं भाडं हा सगळ्यात दुखरा मुद्दा. वर्षाचं आगाऊ घ्या, आणि पुढचं थकलं तर काय याला बँक हमीची जोड मागा. ‘देऊ’ या शब्दावर माझ्या वडिलांनी विश्वास ठेवला होता. पर्यायी घर पेठेत किंवा जवळपास मिळेल एवढी रक्कम मागा. ८४ वर्षांच्या बाईला तिचा डॉक्टर, देऊळ आणि बोलायला येणाऱ्या दोन बायका सोडून लांब नेणं म्हणजे काय, हे मी पाहिलंय. मुदत चुकली तर दंड, आणि बिल्डरने काम सोडलं तर करार रद्द होऊन हक्क जसाच्या तसा परत, ही दोन कलमं नसतील तर वकील बदला.

देखभाल खर्चाचं कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. आज शंभर-दोनशे रुपये भाडं देणारे शिक्षक आजोबा उद्या लिफ्ट, जनरेटर, यांत्रिक पार्किंग यांचा मासिक खर्च कशातून देणार? जुनी बिऱ्हाडं परत येऊनही पाच वर्षांत विकून जातात, त्याचं एक कारण हे आहे. जुन्या नऊ जणांसाठी कॉर्पस, म्हणजे कायमची ठेव, मागा, ज्याच्या व्याजातून निदान मोठा भाग भागेल. यांत्रिक पार्किंग ज्याला नको, त्याच्यावर त्याचा खर्च पडू नये, हेही लिहून घ्या.

मालकांच्या मुलाची धमकी अर्धी पोकळ आहे. अर्धी खरी आहे, म्हणून दोन्ही समजून घ्या. महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली धोकादायक इमारतीची नोटीस निघू शकते, आणि सी-१ म्हणजे अतिधोकादायक ठरलेला वाडा तातडीने रिकामा करावा लागतो. भेग पडलेल्या भिंतीमुळे तशी नोटीस यायला कारणही मिळू शकतं. पण ‘मग काहीच मिळणार नाही’ हे चूक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात स्पष्ट केलं की इमारत पाडली गेली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, तो जमिनीशीही जोडलेला असतो. आणि नोटीस न आणता मालकाला नवं बांधण्यासाठी जागा हवी असेल, तर भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे न्यायालयात जावं लागतं. तिथं पैसा आहे का, आराखडा तयार आहे का, हे पाहिलं जातं, आणि नव्या इमारतीत जागा मागण्याचा हक्क भाडेकरूला असतो. म्हणून नोटीस आलीच, तर भांडत बसून जीव धोक्यात घालू नका. निघा, पण निघण्यापूर्वी प्रत्येकाच्या ताब्यातल्या जागेची यादी आणि मोजमाप अभियंत्यासमोर लेखी करून घ्या, आणि किल्ली देताना ‘भाडेकरूचा हक्क राखून’ असं लिहून द्या. भाडेकरूंच्या बाजूने खटले लढलेला वकील आत्ताच गाठा. माझं पत्र त्याची जागा घेऊ शकत नाही.

गिरणीवाल्यांबद्दल मला वेगळं सांगायचंय. मालकांनी त्यांना काय देऊ केलंय ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण बहुतेक ठिकाणी एक तर रोख रक्कम किंवा मागच्या बाजूला, नाहीतर पहिल्या मजल्यावर गाळा देतात. रस्त्याकडेचा दर्शनी गाळा बिल्डरला विकायला हवा असतो. पिठाची गिरणी पहिल्या मजल्यावर चालत नाही. डबा घेऊन जिना कोण चढणार? आणि तळमजला सगळा पार्किंगला गेला की गल्लीला फक्त लोखंडी गेट आणि रखवालदाराची खुर्ची उरते. पेठेत रात्री साडेनऊला एकटी मुलगी निर्धास्त चालत घरी येते, ती गिरणीत, वाण्याकडे, कट्ट्यावर बसलेल्या ओळखीच्या डोळ्यांमुळे. तेव्हा तुमच्या तिघांच्या मागण्यांमध्ये गिरणीची मागणी सगळ्यात वर ठेवा. रस्त्याकडेला तळमजल्यावर तेवढाच गाळा, आणि बांधकामाच्या काळात जवळपास चालू ठेवायला जागा. गाड्यांचा रस्ता बाजूने किंवा मागून घेता येतो का, दुकानांपुढे बसण्याएवढा ओटा राहतो का, हे आर्किटेक्टला नकाशा समोर ठेवून विचारा. पाच फुटांचा ओटा मागणं कुणाला क्षुल्लक वाटलं तर वाटू द्या.

दिंडी दरवाजा आणि नक्षीचे खांब यांचंही आताच ठरवा. जुन्या सागवानाला चांगली किंमत येते आणि वाडा उतरवणारा ठेकेदार ते पहिल्यांदा नेतो. लाकूड मालकांचं, पण दरवाजा नव्या प्रवेशाशी बसवायचा, एवढं एक वाक्य करारात घालायला बहुधा ते हो म्हणतात. वाड्याचे फोटो काढा, प्रत्येक बिऱ्हाडाच्या दारात त्या बिऱ्हाडाला उभं करून.

मुलाला काय सांगायचं? त्याचं चुकलंय असं मला वाटत नाही. त्याला आई आणि आजी पक्क्या छपराखाली हव्या आहेत. ‘काय ठेवलंय त्या गावात’ याचं उत्तर त्याला तोंडी देऊ नका. एका शनिवारी त्याला बोलवा आणि आजीबरोबर सकाळी फिरायला पाठवा, तिच्या चालीने. भाजीवाली, देवळातले गुरुजी, औषधांचं दुकान, कोपऱ्यावरची बाई जी तिला हाक मारून बसवते. दोन तासांत तो हिशेब त्याचा त्याला लागेल. तरीही तो वाकडच म्हणाला आणि सासूबाईंनाही जावंसं वाटलं, तर जा. हक्काची जागा नावावर घेऊन जा, पैसे घेऊन हक्क सोडून नको.

आणि मैत्रीण. तिच्याकडे तुम्हीच जा. ती बोलत नाही याचा राग धरू नका. सहा जणांनी सह्या केल्यात, म्हणजे आता धोका जास्त तिलाच आहे. तिने सही केलेल्या कागदावर मुदत नाही, भाड्याची हमी नाही, कार्पेट क्षेत्र नाही, हे तिला कुणी सांगितलं नसेल. संमतिपत्राची प्रत मागून घ्या, दोघी मिळून वाचा. तिला म्हणा, मला तुझी लिफ्ट अडवायची नाही, तुझं भाडं थकू नये म्हणून मी थांबलेय. हे म्हणताना ते तुमच्या मनापासूनचं असायला हवं, म्हणून मी वर एवढं कठोर बोलले. तिघांनी अडवून धरलेला वाडा आणि नऊ जणांनी एकत्र मागितलेला करार यांत बिल्डरला फरक लगेच कळतो. पहिल्याला तो थकवतो, दुसऱ्याशी बोलायला बसतो. तुमच्या मंडळाच्या कार्यकर्त्यांनाही बैठकीला बोलवा, पण त्यांनी त्या बिल्डरची वर्गणी घेतलेली नाही ना, एवढं आधी विचारा.

बैठक तुमच्या घरी नको, शिक्षक आजोबांच्या खोलीत घ्या. त्यांना जिना उतरायला लागणार नाही. कराराचा मसुदा त्यांनाच मोठ्याने वाचायला सांगा, शब्दन्‌शब्द, आणि जिथं कुणाला कळलं नाही तिथं थांबून समासात खूण करा. गिरणीवाल्यांना म्हणावं, येताना शॉप अॅक्टचा परवाना आणि जितकी जुनी सापडतील तितकी लाइटबिलं घेऊन या.